कापडाचं दुकान तालुक्याला हवंच

लग्नसराई जवळ आली की घराघरात एकच वाद: बस्ता कुठं बांधायचा? पोरं म्हणतात नागपूर, त्यांच्या आया म्हणतात अमरावती, आणि ज्याच्या हातात मोबाइल आहे तो म्हणतो, जायचं कशाला, सगळं घरपोच येतं. यंदा पुतणीचं लग्न आहे, त्यामुळे आमच्या ओसरीवरही हा वाद रोज रंगतो. तिथं मी जे बोलते तेच इथं सविस्तर लिहिते. बस्ता आपल्या तालुक्याच्या गावी, दारव्ह्यालाच बांधावा. आणि रोजचे कपडेही, जमतील तेवढे, तालुक्याच्या बाजारपेठेत जिथं मालक स्वतः गल्ल्यावर बसतो आणि स्वतः माल निवडून आणतो अशा दुकानातून घ्यावेत.

दुकानदारावर उपकार करा, असं मला म्हणायचं नाही. तो त्याचा धंदा करतो, आपण आपला पैसा पाहतो. पण कापड ओळखणारा माणूस एसटीनं अर्ध्या-पाऊण तासावर आहे ही आपली फार मोठी सोय आहे. आपण गेलो नाही तर ती राहायची नाही.

कापड ओळखणारा म्हणजे काय, ते जुन्या दुकानात जाऊन बघा. शंका आली की तो ताग्याच्या काठाचा एक धागा ओढतो आणि काडी लावतो. सुती धागा भुरकन जळतो, वास जळक्या कागदाचा, आणि राख बोटात चुरली की भुकटी होते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी धरतो. रेशीम असेल तर केस जळाल्याचा वास येतो. 'प्युअर कॉटन' लिहिलेलं पार्सल फोडून बघणाऱ्यांना हा मणी चांगला ओळखीचा असेल. मे महिन्यात 45 अंशांच्या उन्हात तसलं कापड घालून लग्नाच्या मांडवात बसायचं म्हणजे शिक्षाच.

मग पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी. कापडाचा पन्ना 36 इंच असेल तर मोठ्या माणसाच्या पूर्ण बाहीच्या शर्टाला सव्वादोन ते अडीच मीटर लागतं, 58 इंच असेल तर 1.60 मीटरमध्ये काम होतं. म्हणजे मीटरचा भाव स्वस्त दिसला म्हणून शर्ट स्वस्त पडेलच असं नाही. हे मला कुणी शाळेत शिकवलं नाही, गादीवर बसून कापड उलगडणाऱ्या माणसानं शिकवलं. "वहिनी, हे सव्वादोन नका घेऊ, धुतलं का आटते. अडीच घ्या, नाहीतर थांबा, न आटणारं दाखवतो." स्वतःच्याच मालातली खोट सांगून वर स्वस्तातला रस्ता दाखवणारा असा माणूस मला अजून कोणत्याही ॲपवर भेटला नाही.

खरी अडचण मात्र त्यांची होते ज्यांच्या अंगाला रेडीमेडचं माप बसत नाही, किंवा ज्यांचा कपडाच रेडीमेडवाल्यांच्या यादीत नाही. आणि आपल्या गावात अशी माणसं निम्मीअधिक आहेत.

आमच्या सासूबाई नऊवारी लुगडंच नेसतात. मोबाइलवर नऊवारी शोधा, काय येतं? शिवलेली, जरीची, नाचायला आणि फोटोला नेसायची. त्यांना हवं असतं मऊ सुती, गडद रंगाचं, काठ बारीक, रोज दगडावर आपटून धुतलं तरी टिकेल असं. बाजारपेठेत आता दोन-तीन दुकानदारच असं लुगडं ठेवतात. खप थोडा, पैसा अडकून पडतो, तरी ठेवतात. का, तर या बाया मरेपर्यंत दुसरं काही नेसणार नाहीत हे त्यांना माहीत आहे. तीच गोष्ट धोतरजोडीची, बंडीची, खांद्यावरच्या शेल्याची.

दारव्हा, दिग्रस, पुसद हा सगळा पट्टा बंजारा तांड्यांचा. फेटिया, काचळी, छांटिया (घागरा, चोळी, ओढणी) हा पोशाख अजून घालणाऱ्या याड्या, म्हणजे आया, तांड्यातांड्यांत आहेत, आणि रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेला नवा पोशाख हवा असतो. त्याला लागणारं रंगीत कापड, आरसे, कवड्या, दोरे हे सगळं एका जागी ठेवणारी दुकानं हीच खरी स्पेशालिस्ट दुकानं. कोणत्या तांड्यात कोणता रंग चालतो हे गल्ल्यावरच्या माणसाला तोंडपाठ असतं. हे ज्ञान कुठं लिहून ठेवलेलं नाही. दुकानाचं शटर पडलं की ते गेलं.

शेतातल्या कपड्यांचंही तसंच. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया साडीवरून पुरुषी शर्ट घालतात, पूर्ण बाहीचा, उन्हापासून आणि बोंडाच्या टोकांनी हात खरचटू नयेत म्हणून. फवारणीचा कपडा तर वेगळाच हवा. 2017 साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. मास्क, चष्मा, हातमोजे हे लागतंच, त्याला पर्याय नाही. पण पूर्ण बाहीचा, घट्ट विणीचा, फक्त फवारणीसाठी बाजूला ठेवलेला आणि घरच्या धुण्यात न मिसळणारा एक जोड प्रत्येक घरात असायला हवा. तो कुठल्या कापडाचा शिवावा हे विचारायला आपल्याकडे माणूस आहे, तर विचारा.

आणि एक गोष्ट, जी बस्त्याच्या गप्पांत कुणी काढत नाही. रात्री कुणी गेलं की पहाटेपर्यंत पांढरं कापड लागतं, बाई असेल तर नवं लुगडं लागतं. तेव्हा दुकानदाराला घरून उठवतात. तो लुंगीवर येतो, शटर अर्धं वर करतो, कापड फाडून देतो, आणि पैसे तेव्हा मागत नाही. आमच्या घरानं हे अनुभवलं आहे. त्या वेळी पार्सल चार दिवसांत येईल असं सांगणारा मोबाइल कुणाच्या कामाचा?

आता कापसाबद्दल. आपण कापूस पिकवणारी माणसं, म्हणून या गोष्टीनं मला जास्तच चीड येते. एका क्विंटल कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, बाकी सरकी. एका सुती शर्टाचं वजन पाव किलोच्या आसपास. घट-तूट धरूनही क्विंटलभर कापसात शंभरेक शर्टांचं सूत असतं. लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव 8110 रुपये क्विंटल. तोही सगळ्यांच्या हातात पडत नाही. मॉलमध्ये ब्रँडचे चार शर्ट घेतले की तेवढे पैसे संपतात. मधला सगळा पैसा जातो तो आपल्या जिल्ह्याबाहेर.

आणि हे आजचं नाही. मूर्तिजापूरहून कारंजा-दारव्हा करत यवतमाळला यायची ती आपली शकुंतला रेल्वे मुळात कापसासाठीच टाकली होती. गाठी इथून मुंबईला, तिथून पुढं विलायतेला. जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली ती कापूस जिथं पिकतो तिथंच कापड विणावं या विचारानं. ती मिल बंद पडली आणि तिच्या जागेवर आज मॉल उभा आहे. पुतणी म्हणते, नागपूरला गेलो तर त्या मॉलमध्येही जाऊ. जा बाई, बघून ये. पण जिथं हजारो हातांनी कापड विणलं तिथं आता बाहेरून आलेलं कापड विकायला टांगलेलं असतं, एवढं डोक्यात ठेवून ये. अमरावतीजवळ पीएम मित्र टेक्सटाइल पार्कची पायाभरणी 20 सप्टेंबर 2024 ला झाली. त्यातून आपल्या कापसाचं कापड इथंच झालं तर मला आनंदच आहे. पण ते कापड विकायला तालुक्यात दुकानं शिल्लक असली पाहिजेत.

नागपूरला बस्ता बांधायला माझा एकाच वस्तूपुरता विरोध नाही: कोसा. नवरीला एक तरी करवत काठी पातळ घ्या, आणि ते कोशाचं काम करणाऱ्या दुकानातूनच घ्या, नागपूरला किंवा भंडाऱ्याला. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या अळीचं हे रेशीम भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातलं. काठ करवतीच्या दात्यांसारखा असतो, आणि ते दाते काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवत हातमागावर विणावे लागतात. याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. यंत्रावरची नक्कल बाजारात भरपूर आहे, पण पदर उलटा करून काठ बघितला की जाणकार दुकानदार दोन मिनिटांत फरक दाखवतो. सिल्क मार्कची, म्हणजे अस्सल रेशमाची, चिठ्ठी मागा, हातमागाचा शिक्का मागा. खादी हवी असेल तर वर्ध्याचं मगन संग्रहालय आहे, 1938 साली गांधीजींच्या हस्ते सुरू झालेलं. तिथं नैसर्गिक रंगातली खादी मिळते.

नवरदेवाची शेरवानी रेडीमेडच हवी असा हट्ट धरणाऱ्यांना एक हिशेब सांगते. 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांवरच्या तयार कपड्याला 18 टक्के जीएसटी आहे. ताग्यातून कापून घेतलेल्या कापडाला 5 टक्के. ती शेरवानी एकदाच घालायची असते. कापड घेऊन शिवली तर अंगासरशी बसते, आणि टेलरनं आत दाब, म्हणजे जादा कापड, सोडला असेल तर दोन वर्षांनी सैलही करता येते.

टेलरचं महत्त्व सरकारलाही कळायला एक वर्ष गेलं. 2024-25 ला राज्यभर 'एक राज्य, एक गणवेश' आणला. गणवेश उशिरा आले, कुणाला सदरा गुडघ्यापर्यंत, कुणाची पँट चढेना, अशा तक्रारी ठिकठिकाणच्या शाळांतून झाल्या. शेवटी गणवेशाचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिले. लेकराचं माप घ्यायला लेकरू समोर उभं असावं लागतं. गावातल्या शिलाईवाल्या ताईला हे आधीपासून ठाऊक होतं.

एवढं बोलून झाल्यावर दुकानदार भाऊंनाही चार शब्द सांगायचे आहेत, कारण गिऱ्हाईक तुटतं आहे त्यात त्यांचाही वाटा आहे.

दारातून आत येणाऱ्याच्या पायातली चप्पल बघून माल दाखवणं बंद करा. मजूर बाईनं शालूला हात लावला तर "ते महाग आहे" म्हणणारा नोकर मी एका मोठ्या दुकानात पाहिला आहे. ती बाई पुन्हा त्या दुकानात का जाईल? मोबाइल तिला असं काही बोलत नाही. भाव लिहून लावा. घासाघीस करता येणाऱ्याला स्वस्त आणि लाजणाऱ्याला महाग, हा न्याय नव्हे. उधारी देता, विकलेल्या मालाचा चुकारा आल्यावर पैसे घेता, हे मोठं काम आहे, पण उधारीवाल्याला भाव चढवून लावायचा आणि ते सांगायचंही नाही, हे बरोबर नाही. कापड ट्यूबलाइटखाली दाखवता ते दारात उजेडात नेऊन दाखवा. रंग तिथंच कळतो.

आणि बायांसाठी आडोसा करा. पडदा लावलेला कोपरा म्हणजे ट्रायल रूम नव्हे. दार हवं, कडी हवी, आरसा हवा. आतले कपडे घ्यायला गेलेल्या पोरीला चार पुरुषांसमोर साइज सांगावा लागतो, म्हणून आजच्या मुली ते मोबाइलवरून मागवतात, आणि त्यांचं अगदी बरोबर आहे. त्या काउंटरवर एक बाई बसवा. घरातली सून बसवा, गावातली मुलगी पगारावर ठेवा. हे एक काम केलं तर गेलेल्या मुली आपल्या आयांना घेऊन परत येतील, अशी माझी खात्री आहे.

माझ्या पुतणीचा बस्ता कुठं बांधायचा ते अखेर तिची आई ठरवेल. मी यादी करून दिली आहे: मानाच्या साड्या, आहेराचे शर्टपीस-पँटपीस, टॉवेल-टोप्या, नवरदेवाचं कापड हे सगळं दारव्ह्याहून, कोसा नागपूरहून. ज्यांच्या घरी बस्ता आहे त्यांनी बाजाराच्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी दुकानदाराला श्वास घ्यायला वेळ नसतो. आडदिवशी दुपारी जा, तो पन्नास तागे उलगडेल. ब्लाऊजच्या मापाला चांगला बसणारा, धुतलेला जुना ब्लाऊज सोबत न्या. फॉल-पिकोची साडी आणि अस्तर एकाच वेळी रंग जुळवून घ्या. आणि दिवाळीची शिलाई टाकायची असेल तर नवरात्र संपायच्या आत टाका, कोजागिरीनंतर आमच्याकडचा चांगला टेलर कुणाचंच कापड घेत नाही.