‘एकच काय ते धर’ म्हणणाऱ्यांसाठी

आमची लेक एसवायला आहे. कॉलेजच्या टीममधून फुटबॉल खेळते, कबड्डी खेळते आणि चारशे मीटर धावते. सकाळी सहाच्या बसने डिचोलीहून निघते तेव्हा पाठीवरच्या बॅगेत पुस्तकं कमी आणि बूट जास्त. स्टड वेगळे, स्पाइक्स वेगळे. पावसाळ्यात ते स्टड वाळतच नाहीत. रात्री आत पेपरचे बोळे कोंबून फ्रिजच्या मागे ठेवायचे, सकाळी तरी ओलेच. वास विचारू नका.

चतुर्थीला घरात माणसं जमली की हमखास कुणीतरी म्हणतंच, “एकच काय ते धर गे, तिन्हीकडे पाय ठेवून कसं चालेल?” मी चुनी गोस्वामींचं नाव घेतो. १९६२च्या आशियाई स्पर्धेत फुटबॉलचं सुवर्ण आणलं तेव्हा भारताचे कर्णधार तेच, आणि पुढे १९७१-७२च्या रणजी फायनलला मुंबईविरुद्ध बंगालचे कर्णधारही तेच. त्यावर काकी म्हणते, “ते जुने दिवस होते.” असतील बापडे.

मला विचाराल तर तीन खेळांनी पोर दमत नाही. दमवतात ते तीन सर. वाईट कुणीच नाही, पण प्रत्येकाला आपलाच खेळ दिसतो. गेल्या वर्षी बांबोळीच्या ट्रॅकवर सकाळी रिपीट्स (तेच अंतर पुन्हा पुन्हा जोरात धावणं) मारून आली आणि दुपारी कबड्डीच्या मॅटवर उतरली. तिसऱ्याच रेडला मांडी धरून बसली. हॅमस्ट्रिंग. सकाळी काय झालं होतं हे कबड्डीच्या सरांना माहीतच नव्हतं, आणि हिने सांगितलं नाही, कारण सांगितलं तर टीममधून काढतील! तीन आठवडे घरी. वर हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली. ड्युटी लीव्हसाठी, म्हणजे खेळापायी बुडलेल्या तासांची हजेरी मिळावी म्हणून, तीन अर्ज, तीन सह्या, आणि ऑफिसात ‘उद्या या’. मेडल आलं की मात्र फोटोला सगळे पुढे.

२०२३मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा आपल्याकडे गोव्यात झाल्या, मैदानं चकाचक झाली. छानच. पण एका मुलीचं आठवड्याचं वेळापत्रक एका कागदावर लिहायला स्टेडियम लागत नाही.

म्हणून स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर आता मीच तीन रंगांच्या पेनांनी लिहितो. त्याचा फोटो ती तिन्ही सरांना पाठवते. दोघे बघतात. रविवारच्या चौकटीत मी मोठ्या अक्षरांत ‘झोप’ लिहून ठेवलं होतं. काल पेज वाढून घेताना लक्ष गेलं, तर खाली पेन्सिलीने बारीक लिहिलेलं: ‘संध्याकाळी कापलेल्या शेतात बॉल. फक्त अर्धा तास, बाबा.’