अमेरिकेची गोष्ट सांगा, पण पूर्ण सांगा

भारतात मॉर्फिन, म्हणजे अफूपासून बनणारं वेदनाशामक, सहज मिळावं असं कुणी म्हटलं की दुसऱ्याच वाक्याला अमेरिका येते. ‘बघा तिकडे काय झालं ते. गोळ्यांपायी गावंच्या गावं बसली.’ पुण्यातले माझे डॉक्टर मित्र हेच म्हणतात, आणि आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर हा वाद अधूनमधून पेटतोच. मी ओहायोत राहते. औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी तपासणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. तेव्हा ‘तिकडे’ नेमकं काय झालं, यावर बोलायचा थोडाफार हक्क मला आहे.

झालं ते खरंच भयंकर आहे. ओहायोच्या दक्षिण टोकाला नदीकाठी पोर्ट्समथ म्हणून गाव आहे. रोख पैसे मोजा आणि ऑक्सिकोडोन या अफूवर्गीय वेदनाशामकाची चिठ्ठी घेऊन जा, अशा ‘पेन क्लिनिक’चा तिथे सुळसुळाट झाला होता. ती दुकानं बंद करायला राज्याला २०११ साली वेगळा कायदा करावा लागला. चिठ्ठीवरच्या गोळ्या आटल्या तशी माणसं हेरॉइनकडे वळली, मग चोरट्या, त्याहून जहाल फेंटानिलकडे. २०२१ आणि २०२२, दोन्ही वर्षांत देशभरात अमली पदार्थांच्या अतिसेवनाने लाखाहून जास्त माणसं दगावली.

पण हे सुरू कसं झालं, ते आपल्याकडच्या वादात कुणी सांगत नाही. जानेवारी १९८० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. बॉस्टनच्या दोघा संशोधकांनी लिहिलं होतं, की इस्पितळात अफूवर्गीय औषध मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, आधी कधी व्यसन नसलेल्या फक्त चौघांना ते लागल्याची नोंद सापडली. बस, एवढंच. सगळे डोस इस्पितळातले, नर्सच्या नजरेखालचे. घरी गेल्यावर त्या माणसांचं काय झालं, हे त्या पत्राचा विषयच नव्हतं. २०१७ साली कॅनडातल्या संशोधकांनी मोजलं, तर या पत्राचा हवाला ६०८ वेळा दिला गेला होता, आणि त्यातल्या ७२ टक्के ठिकाणी ‘व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणून. १९९६ मध्ये पर्ड्यू या औषध कंपनीने ऑक्सिकॉन्टिन (ऑक्सिकोडोनचंच एक रूप) बाजारात आणलं ते याच हवेत. आता ते खपवायचं कुणाला? कॅन्सरचे रुग्ण मोजके. कंबर दुखणारे कोट्यवधी.

सगळी गोम इथेच आहे. कॅन्सरच्या आणि शस्त्रक्रियेच्या वेदनेवर चालणारं औषध जुनाट कंबरदुखीवरही चालेल, हे गृहीत धरलं गेलं. वर्षभर चाचणी घेऊन ते तपासायला २०१८ उजाडलं. मिनिआपोलिसमधल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यांत २४० रुग्ण घेतले. कुणाला जुनी कंबरदुखी, कुणाला खुब्याचा नाहीतर गुडघ्याचा संधिवात. सोडतीने दोन गट केले. एका गटाला मॉर्फिन-ऑक्सिकोडोनच्या जातीची औषधं, दुसऱ्याला पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन आणि गरज पडली तर इतर औषधं. वर्षाअखेर चालणं-फिरणं, कामधाम यांत दोन्ही गट सारखेच निघाले. दुखणं तर साध्या गोळ्यांच्या गटात किंचित कमीच होतं, आणि दुष्परिणाम अफूवर्गीय गटात जास्त. पाच वर्षांनी सिडनीच्या संशोधकांनी ताज्या कंबरदुखी-मानदुखीच्या ३४७ रुग्णांना ऑक्सिकोडोन किंवा नुसती बनावट गोळी देऊन पाहिली. कोणाला काय मिळतंय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सहा आठवड्यांनी फरक नाही.

आता इटलीतली चाचणी बघा, २०१६ ची. योगायोगाने तिथेही रुग्ण २४०च, पण सगळे मध्यम वेदना असलेले कॅन्सरचे. एका गटाला कमी मात्रेचं मॉर्फिन, दुसऱ्याला ट्रॅमाडॉल-कोडीनसारखी सौम्य अफूवर्गीय औषधं. चार आठवड्यांत वेदना निदान २० टक्क्यांनी उतरलेले रुग्ण मॉर्फिनच्या गटात शंभरातले ८८, दुसऱ्या गटात ५८. दुष्परिणाम साधारण सारखे. माझ्या कामात एवढा मोठा फरक रोज दिसत नाही.

अमेरिकेने कॅन्सरच्या वेदनेचं औषध कंबरदुखीला दिलं. आपण त्या भीतीने कॅन्सरच्या रुग्णाचं औषध काढून घेतलं. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर मॉर्फिन बाळगायचं तर इस्पितळाला चार-पाच परवाने लागायचे, प्रत्येकाची मुदत वेगळी, आणि चुकलं तर तुरुंग. कोण कशाला भानगडीत पडेल? १९९७ पर्यंत अख्ख्या देशाचा वैद्यकीय वापर वर्षाला १८ किलोवर आला. मंदसौर-नीमचच्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकते, निर्यातही होते, हे लक्षात घेतलं म्हणजे हा आकडा जास्तच बोचतो. केरळातले डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं झगडले, तेव्हा २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी ठरली. तरी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ मध्ये मांडलेल्या हिशोबात भारताला मिळणारं मॉर्फिन गरजेच्या ४ टक्केच होतं. अमेरिकेत गरजेच्या तीसपटीहून जास्त.

सांगली जिल्ह्यात आमच्या काकांचा कॅन्सर हाडांत उतरला होता. ट्रॅमाडॉलच्या पुढे कुणी जाईना. मावशीने मॉर्फिनचं विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, ‘सवय लागेल हो त्यांना.’ काका आता फार दिवस काढणार नाहीत, हे त्याच डॉक्टरांनी तिला आदल्या आठवड्यात सांगितलेलं. मुंबईत टाटा आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र आहे, पण तशा अवस्थेतल्या माणसाला गाडीत घालून न्यायचं कसं?

गंमत अशी, की हेच ट्रॅमाडॉल आपल्याकडे कंबरदुखीला सर्रास लिहिलं जातं. २०१८ मध्ये ते अमली पदार्थांच्या यादीत गेलं. ट्रॅमाडॉल, पॅरासिटामॉल, कॅफिन आणि टॉरिन असं चौघांचं कडबोळं एकाच गोळीत विकलं जात होतं, त्यावर २०२४ च्या ऑगस्टमध्ये बंदी आली. म्हणजे जिथे हात आखडायला हवा तिथे आपण सैल, आणि जिथे सैल सोडायला हवा तिथे करकचून बांधलेले.

अमेरिकेने नंतर उलटी उडीही मारली. सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने २०१६ मध्ये अफूवर्गीय औषधांची मात्रा आवरायच्या सूचना काढल्या. अनेक डॉक्टरांनी त्याचा अर्थ ‘बंद करा’ असा घेतला आणि वर्षानुवर्षं गोळ्या घेणाऱ्यांना एकदम तोडलं. २०२२ मध्ये सूचना बदलून सांगावं लागलं, की असं अचानक तोडू नका, आणि कॅन्सर, सिकलसेल, अखेरच्या काळातले रुग्ण यांना हे लागूच नाही. आपल्या वादात गोष्टीचा हा शेवटचा भाग कधीच येत नाही.

गेल्या वर्षीपासून ग्रुपवर नवीन मेसेज फिरतो: ‘व्यसन न लागणारी गोळी आली!’ सुझेट्रिजिन. जानेवारी २०२५ मध्ये तिला इथे अमेरिकेत मंजुरी मिळाली, पण फक्त ताज्या, तीव्र वेदनेसाठी. शस्त्रक्रियेनंतर ती बनावट गोळीपेक्षा सरस ठरली, जुन्या अफूवर्गीय हायड्रोकोडोन-पॅरासिटामॉलपेक्षा नाही. सायटिकाच्या चाचणीत तर दहाच्या पट्टीवर औषधाच्या आणि बनावट गोळीच्या दोन्ही गटांचं दुखणं सारखंच, दोनेक अंकांनी उतरलं. पाहण्यासारखं औषध आहे, पण मावशीच्या गुडघ्यासाठी कुणी ते मागवू नये.

मॉर्फिनच्या साध्या गोळीवर आता कुणाचं पेटंट नाही, किंमत किरकोळ. तिच्यासाठी कुठला एमआर, म्हणजे कंपनीचा विक्रेता, बॅग घेऊन दवाखान्यात येणार? जिल्हा रुग्णालयात ती ठेवायची तर सरकारलाच ठेवावी लागेल, आणि ती कशी लिहायची, मात्रा कशी वाढवायची, बद्धकोष्ठाला सोबत काय द्यायचं, हेही डॉक्टरांना सरकारनेच शिकवायला हवं. केरळने २००८ मध्ये असं धोरण आखलं आणि पंचायतींना कामाला लावलं. महाराष्ट्राला उदाहरणच हवं असेल, तर ते ओहायोपेक्षा पुष्कळ जवळ आहे.