काट्यावर शिक्का नाही म्हणून पोतं परत?

माझ्या ऑफिसात एक पोरगी बसते. एलएलबी, फर्स्ट क्लास. वाटपाचा दावा लिहायला दिला की वंशावळ, चतुःसीमा, वादकारण, कोर्ट फी, सगळं जागच्या जागी. मला फक्त सही करायची असते. पण कोर्टात पुकारा झाला की ती मागच्या बाकावर फाइल मांडीवर घेऊन बसून राहते. मुदतीचा साधा अर्ज द्यायलाही मला नाहीतर दुसऱ्या ज्युनिअरला उठावं लागतं, कारण तिला सनद, म्हणजे बार कौन्सिलकडे नोंदणी होऊन मिळणारा वकिलीचा परवाना, नाही. ॲडव्होकेट्स ॲक्टचं कलम ४५ वकील मंडळींना पाठ असतं. नोंदणीशिवाय वकिली केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद. त्यामुळे मीही तिला उभं करत नाही.

सनद का नाही? तिने काही चुकवलं का? नाही. तिने २०२१ साली तीन वर्षांच्या एलएलबीला प्रवेश घेतला, सीईटी देऊन. तेव्हा कॉलेजला बार कौन्सिल ऑफ इंडियाची (बीसीआय) मान्यता होती. ती २०२२-२३ ला संपली. ही तेव्हा दुसऱ्या वर्षाला, आणि वर्गात कुणाला पत्ता नाही. परीक्षा झाल्या, विद्यापीठाने निकाल लावला, पदवी दिली. सनदेचा अर्ज केला तेव्हा उत्तर मिळालं की तुमच्या कॉलेजचं चालू मान्यतेचं पत्र जोडा.

कॉलेजात गेली तर तिथला क्लार्क म्हणतो, "फाइल दिल्लीला गेलीय." सात महिने झाले, फाइल दिल्लीलाच आहे. विद्यापीठ म्हणतं, आम्ही पदवी दिली, सनद आमचा विषय नाही. सनद देणारी स्टेट बार कौन्सिल म्हणते, वरून, म्हणजे बीसीआयकडून, पत्र आणा. आणि वरचे पत्रव्यवहार करतात तो कॉलेजशी, विद्यार्थ्याशी नाही. फी कॉलेजने घेतली, इन्स्पेक्शन बीसीआयने करायचं, संलग्नता विद्यापीठाची, आणि अडकून पडलीय एकटी पोरगी.

वकिली क्षेत्राबाहेरच्या मित्रांसाठी थोडं सांगतो. डॉक्टरांसारखंच इथेही पदवी वेगळी आणि धंद्याचा परवाना वेगळा. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये कलम ७ प्रमाणे कुठल्या विद्यापीठाची पदवी सनदेला चालेल ते बीसीआय ठरवते. २००८ च्या लीगल एज्युकेशन रूल्सप्रमाणे प्रत्येक कॉलेजची तपासणी होते. इमारत, लायब्ररी, पूर्णवेळ प्राध्यापक, मूट कोर्ट (सरावाचं लुटुपुटीचं कोर्ट). तात्पुरती मान्यता फार तर ३ वर्षांची, नियमित मान्यता फार तर ५ वर्षांची. आता हिशेब करा. कोर्स ३ किंवा ५ वर्षांचा आणि मान्यताही तेवढ्याचीच. म्हणजे एखादी तरी बॅच शिकत असताना मान्यता संपणार हे नियमातच लिहून ठेवलंय. वेळेवर नूतनीकरण झालं तर कुणाला कळतही नाही. कॉलेजने फी थकवली, प्राध्यापक भरले नाहीत, इन्स्पेक्शन लांबलं, की मधली बॅच लटकते.

हे फक्त आडगावच्या कॉलेजांत होतं असं समजू नका. २०१४ साली दिल्ली विद्यापीठाच्या लॉ फॅकल्टीवर हीच वेळ आली होती. मुदतवाढ वेळेत मागितली नाही म्हणून मान्यता गेली आणि त्या वर्षीच्या पदवीधरांची नोंदणी अडली. सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश पाठवणारी ही संस्था! पण दिल्लीची मुलं दिल्लीत ओरडली, लगेच मार्ग निघाला. २०२५ मध्ये जबलपूरला मध्य प्रदेश हायकोर्टात असेच सनद नाकारलेले पदवीधर उभे होते, आणि मान्यता नसताना प्रवेश देणाऱ्या कॉलेजांची पोलिसांकडून चौकशी करायची वेळ कोर्टावर आली.

मग कोर्टाकडून सरसकट दिलासा मिळेल का? मला वाटत नाही, आणि मिळावा असंही वाटत नाही. इथे माझे काही मित्र नाराज होतील. ओडिशातल्या अंगुलच्या एका लॉ कॉलेजच्या पदवीधराला सनद द्या, असं तिथल्या हायकोर्टाने सांगितलं होतं. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. मान्यताप्राप्त कॉलेजातून पदवी घेतलेल्यालाच नोंदणी, हा नियम करायचा बीसीआयला अधिकार आहे, असं स्पष्ट म्हटलं. तत्त्व म्हणून मला ते पटतं. दोन खोल्यांत चालणारी, हजेरीपट एका संध्याकाळी भरणारी कॉलेजं मी बघितलीत. तिथून आलेल्या एकाने माझ्यासमोर कैफियत (दाव्याला प्रतिवादीचं उत्तर) म्हणून दाव्याचीच नक्कल दाखल केली होती. अशी दुकानं बंद व्हायलाच हवीत. नव्या लॉ कॉलेजांना ऑगस्ट २०२५ पासून तीन वर्षं बंदी घातली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या.

पण मुळातच मान्यता नसलेलं कॉलेज आणि प्रवेशाच्या दिवशी मान्यता असून नंतर हरवलेलं कॉलेज, या दोघांना एकाच मापाने मोजायचं का? माझा सगळा राग इथे आहे.

पोरीचे वडील मार्केट यार्डात मापाडी आहेत. परवा ऑफिसला आले होते. मी त्यांना कलमं समजावत होतो, ते मान डोलावत होते. शेवटी म्हणाले, "वकीलसाहेब, आमच्याकडं वैधमापनवाले येत्यात, काट्यावर शिक्का मारत्यात. शिक्का नसला तर दंड काट्याच्या मालकाला. शेतकऱ्याची तूर कुणी फेकून देत न्हाई." पंचवीस वर्षं वकिली केली, इतका सरळ युक्तिवाद मला सुचला नव्हता.

नुकसान किती, ते पण बघा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. ही तीन वर्षं मोजायची तात्पुरत्या नोंदणीच्या (बार एक्झाम पास होण्याआधी मिळते ती) तारखेपासून. म्हणजे हिचं घड्याळ अजून सुरूच झालेलं नाही. तिच्यासोबत सीईटी दिलेली, दुसऱ्या कॉलेजची मैत्रीण बार एक्झाम पास होऊन, गळ्याला वकिलाचा पांढरा बँड लावून कोर्टात उभी राहते. २०२४ च्या जुलैत नोंदणी फी ७५० रुपयांवर आली तेव्हा आमच्या बाररूममध्ये पेढे वाटले होते. महाराष्ट्रात आधी १५ हजार होते. हिच्या वडिलांनी ते १५ हजार बाजूला काढून ठेवले होते, ते आता कोर्टकचेरीत जाणार.

मी मागतोय ते फार नाही. प्रवेशाच्या तारखेला मान्यता होती ना, मग त्या बॅचला शेवटच्या सेमिस्टरपर्यंत ती लागू धरा. कॉलेजला दंड करा, पुढचे प्रवेश थांबवा, संचालकांच्या मागे लागा. आणि प्रवेशफेरीच्या यादीत कॉलेजच्या नावापुढे एक रकाना वाढवा, "बीसीआय मान्यता कोणत्या वर्षापर्यंत". जागा किती, फी किती, सगळं असतं, हेच तेवढं ठळक नसतं. आणि मान्यता संपायच्या आधी एक वर्ष कॉलेजने नोटीस बोर्डावर लावलं पाहिजे, वर्गात वाचून दाखवलं पाहिजे.

तोवर यंदा लॉला जाणाऱ्यांनी स्वतःच तपासा. प्रॉस्पेक्टसवरच्या "बीसीआय अप्रूव्हड" या दोन शब्दांवर जाऊ नका. पत्र मागा. त्यावर वर्ष बघा, कोर्स बघा (तीन वर्षांचा आणि पाच वर्षांचा यांची मान्यता वेगवेगळी असते), तुकड्या किती मंजूर आहेत तेही बघा. पत्र दाखवायला टाळाटाळ केली तर दुसरं कॉलेज धरा.

आमच्याकडून हायकोर्टात द्यायची रिट याचिका तयार आहे. कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच झाल्यामुळे मुंबईची फेरी तरी वाचेल. मसुदा तिनेच केलाय, एकवीस पानं, मी फक्त प्रार्थनेत (कोर्टाकडे काय मागतोय त्या भागात) एक ओळ वाढवली. आता वकीलपत्रावर पक्षकार म्हणून तिची सही आहे आणि वकील म्हणून माझी.

२०२१ च्या बॅचचे, असेच अडकलेले कुणी असाल तर इनबॉक्समध्ये प्रवेशाचं वर्ष आणि कोर्स कळवा, एकत्र जाऊ. कॉलेजचं नाव कमेंटमध्ये लिहू नका. प्रवेशाची पावती मात्र जपून ठेवा, तीच लागणार आहे.