बुडखा

आमच्या अमळनेरच्या घरामागे सुबाभूळ होती. ती कंपाउंडची भिंत फोडायला लागली, तेव्हा आम्ही पालिकेची रीतसर परवानगी काढून तोडून घेतली. लाकडं तोडणाऱ्याने नेली, पाला बकऱ्यांनी. बुडखा माझ्या वाट्याला आला. शहरातल्या झाडांना १९७५ च्या कायद्याचं संरक्षण आहे. बुडख्यापासून मालकाला कशाचंच नाही.

‘दोन तासांचं काम,’ असं म्हणत मी पहार उचलली. महिना मे. वरून पंचेचाळीस अंश आणि खाली आमची काळी माती. तिला भेगा अशा की चपलेचा अंगठा आत जावा, पण दोन भेगांमधलं ढेकूळ म्हणजे शहाबादी फरशी. पहार मारली की ‘टण्ण’ आवाज आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या. “पावसात खणा,” शेजारचे आप्पा म्हणाले. पावसात खणलं. तेव्हा तीच माती पायाला अशी धरते की बुडखा जागेवर राहतो आणि चप्पल मुळासकट निघते.

मग सल्ले आले. मीठ भरा. (बरणी बायकोने हातातून काढून घेतली, दोन हातांवर तिचा कढीपत्ता आहे.) भोकं पाडून युरिया भरा. ताक ओता. आता, घरात प्यायला पुरत नाही ते ताक मी बुडख्याला पाजलं असतं, तर बुडख्याआधी मीच घराबाहेर निघालो असतो. जेसीबीचीही चौकशी केली. पण आमचा बोळ साडेचार फुटांचा. आधी स्वयंपाकघर पाडावं लागलं असतं.

डिसेंबरात भुसावळचा मेव्हणा आला. “भाऊजी, जाळून टाकू ना भो. नाहीतरी भरीत करायचंच आहे.” हा मात्र शास्त्रशुद्ध उपाय वाटला. बामणोदची हिरवी वांगी आली, गाडीभर पऱ्हाट्या आल्या, बुडख्यावर जाळ झाला. बातमी गल्लीत कशी गेली कळलं नाही, पण पंगतीला सतरा माणसं होती. पुऱ्या कमी पडल्या, कळण्याच्या भाकरी टाकाव्या लागल्या. भरीत अप्रतिम. बुडखा तेवढा वरून काळा झाला, दृष्ट लागू नये म्हणून तीट लावल्यासारखा.

होळीच्या सुमारास त्याला अकरा धुमारे फुटले. सुबाभळीच्या सालीखाली डोळे निजलेले असतात, वरचं खोड छाटलं की एकेक जागा होतो, हे मला तेव्हा कळलं. आम्ही तर त्यांना शेकोटीही दिली होती.

कुऱ्हाड घेऊन मागे गेलो तर बुडख्याला दावं, दाव्याला बकरी आणि बकरीमागे पलीकडच्या जिजी.

“भाऊ, रोज एक बादली पानी टाकत जा ना त्याले. पाला सुकी राह्यना.”