‘लॅपटॉपवरच ब्लॅक बॉक्स’ म्हणे! आधी आउटपुट पोर्ट बंद करा

‘ओपनसीपीएनमध्ये व्हीडीआर प्लगइन टाका, मोठ्या जहाजांवरचा ब्लॅक बॉक्स फुकटात मिळवा. सगळं रेकॉर्ड होतं, बोट चालू असतानाही मागचा प्रवास प्ले करता येतो, जीपीएक्स ठेवला की झालं, लॉगबुकची कटकट संपली.’ (ओपनसीपीएन म्हणजे लॅपटॉपवर सागरी नकाशा दाखवणारा प्रोग्राम, व्हीडीआर म्हणजे जहाजाच्या प्रवासाची नोंद ठेवणारा रेकॉर्डर आणि जीपीएक्स म्हणजे वाटेची फाइल.) हा मेसेज सगळीकडे फिरून शेवटी भाच्याकडून माझ्याकडे आला. खाली प्रश्न: ‘मामा, आज रात्री बोटीवर लावून बघू का?’

नको.

‘बोट चालू असतानाही प्ले करा’ हा त्यातला सगळ्यात घातक सल्ला, म्हणून आधी तोच. प्लगइन रेकॉर्डिंग वेगळ्या खिडकीत दाखवत नाही. फाइलमधली एनएमईए वाक्यं (बोटीवरची उपकरणं एकमेकांना पाठवतात त्या माहितीच्या ओळी) ते प्रोग्रामच्या नेहमीच्या प्रवाहातच सोडतं, जणू ती आत्ता जीपीएसकडून आली आहेत. प्रोग्राम त्या पोझिशनवर विश्वास ठेवतो. रूट चालू असेल आणि ऑटोपायलटकडे आउटपुट जोडलेलं असेल, तर त्याच पोझिशनवरून काढलेली आरएमबी आणि एपीबी वाक्यं (रूटच्या रेषेपासून बोट किती सरकली हे ऑटोपायलटला सांगणारी) बाहेर जातात. समजा, बोट बरोबर रूटच्या रेषेवर आहे आणि फाइलमधली जुनी पोझिशन रेषेच्या ०.३ सागरी मैल उजवीकडे. ट्रॅक मोडमधला, म्हणजे रूटची रेषा धरून चालणारा ऑटोपायलट निमूटपणे डावीकडे वळणार. नुसत्या कंपास हेडिंगवर धरलेला असेल तर वाचाल, पण ते तुमचं नशीब.

खरा जीपीएसही त्याच वेळी चालू असेल तर चार्टवर बोट दोन ठिकाणी उड्या मारते. निदान काहीतरी बिघडलंय हे तेव्हा कळतं तरी. नव्या आवृत्त्यांत स्रोतांना प्राधान्यक्रम देता येतो. मग एकच स्रोत जिंकतो, उड्या थांबतात, आणि जिंकलेला स्रोत जुना असला तरी चित्र अगदी शांत दिसतं. नांगराचा अलार्म त्याच पोझिशनवर चालतो. जुन्या फाइलमधली एआयएस जहाजं (रेडिओवरून आपली जागा कळवणारी) खऱ्या जहाजांत मिसळतात आणि सीपीएचा, म्हणजे जहाज फार जवळून जाणार असल्याचा इशारा कुठल्या जहाजासाठी वाजला ते ओळखता येत नाही.

प्ले करायचंच असेल तर बोटीच्या वायरिंगला न जोडलेल्या दुसऱ्या लॅपटॉपवर करा. ते शक्य नसेल तर बोट धक्क्याला बांधलेली असताना रूट डीअ‍ॅक्टिव्हेट करा, कनेक्शन्सच्या यादीतली प्रत्येक टिक काढा (नेटवर्कवरची आउटपुटसुद्धा), आणि मगच फाइल लोड करा.

‘सगळं रेकॉर्ड होतं’ म्हणे. प्रोग्रामपर्यंत जे पोचतं तेवढंच होतं, आणि तेही रेकॉर्डिंग सुरू असेल आणि लॅपटॉप झोपी गेला नसेल तर. आणखी एक खाच: कच्च्या फाइलमध्ये ओळ कधी आली याची नोंद नसते. जीपीएसच्या आरएमसी वाक्यात वेळ आणि तारीख दोन्ही असतात. जीजीए आणि जीएलएल या त्याच्याच दुसऱ्या वाक्यांत फक्त वेळ. एआयएसच्या नेहमीच्या पोझिशन रिपोर्टमध्ये तर मिनिटातला सेकंद तेवढा असतो, तास-मिनिटं नाहीत. फाइल लहान ठेवायला कुणी फिल्टरमध्ये आरएमसी गाळली, तर ते जहाज नेमकं केव्हा जवळून गेलं हे नंतर सांगता येत नाही. प्लगइनच्या नव्या आवृत्तीत वेळेच्या शिक्क्यासह सीएसव्ही निवडता येते, ती निवडा. तशीही जागेची चिंता फुकाची आहे: ४८०० बॉडची (सेकंदाला ४८०० बिट) लाइन पूर्ण भरून वाहिली तरी तासाला पावणेदोन एमबीच्या आत, आणि एआयएसची ३८४०० बॉडची लाइन जास्तीत जास्त १४ एमबीच्या आसपास.

एवढं मात्र मान्य करावं लागतं, की वारा किंवा हेडिंग मध्येच का गायब होतं, कुठल्या वाक्याचा चेकसम (वाक्य नीट पोचलं का हे तपासणारा आकडा) चुकतो, हे शोधायला अशा रेकॉर्डिंगइतकं स्वस्त साधन नाही. त्यासाठी वापरा.

पण ‘ब्लॅक बॉक्स’? आयएमओचा (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा) ठराव एमएससी.३३३(९०) वाचा. १ जुलै २०१४ पासून बसवलेल्या व्हीडीआरला स्थिर कॅप्सूल आणि पाण्यावर सुटून तरंगणारी कॅप्सूल अशी दोन माध्यमं लागतात, दोन्हींत किमान ४८ तासांची नोंद. शिवाय जहाजाच्या आत ३० दिवसांची तिसरी. ब्रिजवरचं (जहाज जिथून चालवतात तिथलं) बोलणं, व्हीएचएफ रेडिओ, रडारचं चित्र, सुकाणूला दिलेला हुकूम आणि सुकाणूनं प्रत्यक्षात काय केलं, हे सगळं त्यात येतं. वीज गेली तरी ब्रिजवरचा आवाज आणखी दोन तास टिपला जातो. ‘एल फारो’ हे मालवाहू जहाज २०१५ मध्ये बुडालं, त्याचा रेकॉर्डर पुढच्या वर्षी साडेचार हजार मीटरहून खोल तळातून काढला आणि त्यात ब्रिजवरचं सुमारे २६ तासांचं बोलणं मिळालं. तोही जुन्या मानकाचा होता. लॅपटॉप बोटीबरोबर बुडतो, एवढंच.

जीपीएक्समध्ये पोझिशन आणि वेळ राहते. खोली, वारा, एआयएस सगळं गळतं आणि त्यातून मूळ एनएमईए परत मिळत नाही. म्हणून मूळ फाइल ठेवा, जीपीएक्स हवी तेव्हा काढता येते. लॉगबुकही ठेवा: रीफ केव्हा घेतला (शीड केव्हा आखूड केलं), कुणाचा वॉच होता, इंजिन का बंद केलं, यासाठी एनएमईएत वाक्य नाही.