आयटीत ४ टक्के आरक्षण? मेसेज अर्धवट आहे

रत्नागिरी-देवगडकडच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘खासगी आयटी कंपन्यांना दिव्यांगांसाठी ४ टक्के जागा सक्तीच्या, आपल्या पोरांनी आता आंबेच विकायचे.’ चूक. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं किमान ४ टक्के आरक्षण सरकारी आस्थापनांतल्या पदांसाठी आहे. खासगी कंपनीला समान संधी धोरण जाहीर करावं लागतं; कोटा नाही. (आंबे विकणं काही कमीपणाचं नाही, तो भाग वेगळा.)

आणि ‘ज्याला दिसत नाही तो कोडिंग काय करणार?’ म्हणणाऱ्यांनी आमच्या शेजारच्या पडवीत येऊन बसावं. एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवतं. तिथला मुलगा ते इतक्या वेगाने ऐकतो की मला शब्द कळत नाही. कोडमध्ये कंस सुटलेला असला की तोच आधी पकडतो.