जज निवडायचाय, कोणाला विचारू?

मतपत्रिका पोस्टाने घरी आली की सुरुवातीला मी एकदम हुशार असते. प्रेसिडेंट, गव्हर्नर, सिनेटर, सगळ्यांबद्दल माझी मतं तयार असतात, कोणी विचारलं नाही तरी देते. मग येतं जजांचं पान. सुपीरियर कोर्ट, ऑफिस नंबर अमुक, म्हणजे जजाची एक जागा, खाली दोन-तीन नावं. पक्ष नाही, चिन्ह नाही, फोटो नाही. ते संपलं की पुढचं ऑफिस, पुन्हा दोन-तीन नावं. इथे माझी हुशारी संपते आणि चहा ठेवला जातो.

आम्ही लॉस एंजेलिस काउंटीत राहतो, आर्टिशियाच्या पायोनियर बुलेव्हार्डवरून, म्हणजे भारतीय दुकानांच्या रस्त्यावरून, पोहे-शेंगदाणे आणता येतील इतक्या अंतरावर. इथे घटस्फोटापासून खुनापर्यंत सगळे खटले ज्या कोर्टात पहिल्यांदा उभे राहतात, त्याचे जज पब्लिक निवडून देते, सहा वर्षांसाठी. आपल्याकडे कसं, पोरगं वकील होतं, एमपीएससीची परीक्षा देतं, जेएमएफसी होतं, गावच्या पेपरात पेढा भरवतानाचा फोटो येतो, विषय संपला. आपल्याला कोणी विचारत नाही, आणि खरं सांगू, किती बरं असतं ते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे ऐकत मोठी झालेली मी, आता पायऱ्या संपल्यावर वर खुर्चीत कोण बसणार ते ठरवतेय, डायनिंग टेबलवर, काळं पेन घेऊन.

बरं, काउंटी म्हणजे काही आपला तालुका नाही की अमक्याचा मेव्हणा म्हणून ओळख निघेल. एक कोटीच्या आसपास वस्ती आहे. त्यात मधेच जागा रिकामी झाली म्हणून बरेचसे जज गव्हर्नरनेच नेमलेले असतात, आणि बसलेल्या जजसमोर कोणी उभंच राहिलं नाही तर त्याचं नाव मतपत्रिकेवर येतच नाही, तो आपोआप निवडून आला. म्हणजे ज्यांच्यावरून भांडण आहे तेवढेच आमच्या पदरात.

माहिती म्हणाल तर प्रत्येक नावाखाली कामधंदा लिहिलेला, तोही साधारण तीन शब्दांत. लग्नाच्या जाहिरातीत 'सुस्वरूप, गृहकर्तव्यदक्ष' वाचून मुलगी ठरवावी तसं. आणि उमेदवारही काही कमी नसतात, पूर्वी सरकारी वकील स्वतःला नुसतं सरकारी वकील म्हणवून घ्यायचेच नाहीत, 'गँग होमिसाइड प्रॉसिक्युटर' असलं काहीतरी लावायचे, वाचूनच आपण खुर्चीत सरळ होऊन बसायचो. 2018पासून कायद्याने ते बंद झालं, खरा हुद्दा लिहा म्हणाले. आता एकाखाली डेप्युटी डिस्ट्रिक्ट अटर्नी, म्हणजे सरकारी वकीलच, दुसऱ्याखालीही डेप्युटी डिस्ट्रिक्ट अटर्नी. निवडा.

नावावरून निवडू नये म्हणतात. पण 2006 साली इथेच झिंट्रा जानाव्स नावाच्या जजबाई, वीसेक वर्षं खुर्चीवर असलेल्या, निवडणूक हरल्या. वकिलांच्या संघटनेने त्यांना सगळ्यात वरचा शेरा दिला होता. जिंकल्या त्या लिन ओल्सन, वकिलीची सनद होती पण नवऱ्याबरोबर बेगलचं दुकान चालवायच्या, आणि त्यांना शेरा होता 'नॉट क्वालिफाइड'. लोक म्हणाले, नावाने घात केला. मग गव्हर्नरने जानाव्सबाईंना परत जज नेमलं. गव्हर्नर कोण, तर अर्नोल्ड श्वार्झनेगर! ज्या जनतेला हे नाव चाललं तिला झिंट्रा जड गेलं? उद्या आपल्यातली कोणी क्षीरसागर उभी राहिली तर काय होईल याचा मी फार विचार करत नाही, बीपी वाढतं.

मग मी अभ्यास करायचं ठरवते. उमेदवारांच्या एका सभेला गेले. तिथे प्रत्येकजण म्हणाला मी निःपक्षपाती राहीन, सगळ्यांचं ऐकून घेईन, कायद्याप्रमाणे वागेन. एका काकांनी विचारलं, बेघर लोकांच्या केसेसमध्ये काय निकाल द्याल? सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, असं आधी बोलायला आम्हाला बंदी आहे. बंदी योग्यच आहे हो, पण मग आम्ही काय टाय बघून मत द्यायचं?

पोस्टाने चकचकीत कार्डं येतात ती वेगळीच. वर सिंहासारखा अमेरिकन गरुड, खाली 'आमची शिफारस' म्हणून भली मोठी यादी. काही नावांपुढे छोटीशी चांदणी. मला वाटायचं चांदणी म्हणजे खास पसंती, हॉटेलच्या मेनूवर असते तशी. मग तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात वाचलं, चांदणी म्हणजे या उमेदवाराने कार्डावर यायचे पैसे भरलेत. हे छापायचं कायद्यानेच सक्तीचं आहे, आणि अक्षर मुंगीएवढं ठेवायची हौस त्यांची.

घरातले मतदार तर विचारू नका. सासूबाई दोन वर्षांपूर्वी सिटिझन झाल्या, त्यांचा नियम सरळ आहे, बाई दिसली की बाईला मत. दोन्ही बायका असल्या तर? "अगं, मग वरचीला दे, बिचारी आधी आलीये." आता वरखाली कोण हे चिठ्ठ्या टाकून अक्षरं काढल्यावर ठरतं, पण त्यांना कोण सांगणार. नवरा म्हणतो जजांची पानं कोरीच सोड, चालतं. चालतं, पण त्याला वॉशिंग मशीन घ्यायचं तर महिनाभर रिव्ह्यू वाचतो हा माणूस, आणि उद्या कोर्टात उभं राहायची वेळ आली तर म्हणे कोरं!

शेवटी मी वकिलांच्या संघटनेचे शेरे काढले, पेपरांच्या शिफारशी काढल्या, दोन्ही जिथे जुळतात ती नावं एका कागदावर लिहिली आणि मैत्रिणीने मागितली म्हणून फोटो पाठवला. परवा तीच यादी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली, टाइप केलेली, वर लिहिलेलं 'खात्रीशीर, एका मोठ्या वकिलाकडून, सर्वांना पाठवा'. सासूबाई म्हणाल्या, बघ, असा अभ्यास करावा माणसाने. मी वाचून पाहिली तर एका ऑफिसला नाव बदललेलं. आता बदलणाऱ्याला काहीतरी आतली माहिती असणारच ना? लिफाफा अजून चिकटवला नाहीये, पण त्या नावापुढचा गोल काळ्या पेनाने भरून झालाय.